गप्प बसलं की गादा येतो

मुलांनो, डॉल्फिन म्हटलं की तुमच्या डोळ्यांपुढे काय येतं? निळंशार पाणी आणि त्यातून उसळी मारून हवेत कोलांटी घेणारा, हसऱ्या तोंडाचा, गुळगुळीत प्राणी. होय ना? टीव्हीवर तो असाच असतो, पुस्तकात असाच असतो आणि दप्तरावरच्या चित्रातही असाच. आपल्या कोकणच्या किनाऱ्यावर राहणारा डॉल्फिन मात्र जरा वेगळा आहे. रंगानं तो करडा. पाठीवर उंटाच्या मदारीसारखा उंचवटा, आणि त्या उंचवट्यावर छोटासा पर. उड्या मारून दाखवायची त्याला फारशी हौस नाही. आणि त्याचं इथलं नाव काय, माहीत आहे? गादा!

या गाद्याच्या भेटीला आणि जमतील तेवढी बेटं पाहायला आम्ही नाताळच्या सुट्टीत मालवणजवळच्या देवबागला गेलो होतो. आमच्या पलटणीत सहा जण होतो. ताई, भावोजी, आजी म्हणजे माझी आई, मी, आणि ताईची दोन मुलं. मोठा आठवीत, धाकटी चौथीत. आठवीतल्या महाशयांनी गाडीतच जाहीर करून टाकलं होतं, ‘मी डॉल्फिनचा हवेतला फोटो काढणार आणि वर्गातल्या सगळ्यांना दाखवणार.’ धाकटीनं डॉल्फिनसाठी डब्यात चिवडा ठेवला होता.

कोकण रेल्वेनं आम्ही कुडाळला उतरलो. तिथून मालवण साधारण तीस किलोमीटर. पुढे तारकर्ली, आणि तारकर्लीच्याही पुढे अगदी टोकाला देवबाग. या गावाची गंमत अशी, की एका बाजूला अरबी समुद्र आणि दुसऱ्या बाजूला कर्ली नदी. मध्ये जमिनीची चिंचोळी पट्टी. तिच्यावर माडांची गर्दी आणि माडांच्या सावलीत घरं. आमच्या घराच्या पुढच्या दारी समुद्राची गाज ऐकू यायची, आणि मागच्या दारी नदी गुपचूप वाहत असायची. पट्टी संपते तिथे नदी समुद्राला मिळते. पलीकडच्या काठावर भोगव्याचा किनारा आणि त्याच्याही पुढे निवती.

पोचलो त्या संध्याकाळी आठवीतल्या महाशयांनी घरमालकांना विचारलं, ‘उद्या किती वाजता डॉल्फिन असतो?’ जणू काही नाट्यगृहातला खेळच! ते हसले आणि म्हणाले, ‘तेची वेळ तेकाच ठावक. पण समुद्राची वेळ मी सांगू शकतंय.’

तेवढ्यात आजी म्हणाली, ‘थांबा, ती मी सांगते. आज पंचमी, म्हणजे उद्या षष्ठी. सहाची पाऊणपट किती?’

धाकटीनं बोटं मोजली. ‘साडेचार!’

‘मग उद्या साडेचारच्या सुमाराला पूर्ण भरती. त्यानंतर साधारण सहा तासांनी, म्हणजे साडेदहाला पूर्ण ओहोटी.’

घरमालक आजीकडे बघतच राहिले. मुलांनो, हे गणित तुम्हीही लक्षात ठेवा. कोकणातल्या जुन्या माणसांना ते तोंडपाठ असतं. तिथीला तीनानं गुणायचं आणि चारानं भागायचं. जे उत्तर येईल ती भरतीची वेळ, थोडीफार मागेपुढे. गंमत वाटली ना? पण यात जादू काही नाही. भरती-ओहोटी मुख्यतः चंद्राच्या ओढीमुळे होते. चंद्र रोज साधारण पन्नास मिनिटं उशिरा उगवतो, म्हणून भरतीही रोज तितकीच उशिरा येते. पन्नास मिनिटं म्हणजे जवळजवळ पाऊण तास. आणि तिथी म्हणजे तरी काय? चंद्राचंच वेळापत्रक. म्हणून तिथीची पाऊणपट!

दुसऱ्या दिवशी सकाळी सातला आम्ही नदीकाठच्या धक्क्यावर हजर. डोंगरामागून नुकतं कुठे उजाडत होतं. पाण्यावर धुक्याचा पातळ पदर. आमची होडी फायबरची होती, मागे इंजिन लावलेली. होडी चालवणाऱ्याला इथे तांडेल म्हणतात. तांडेलकाकांनी आधी सगळ्यांना जीवरक्षक जाकिटं घालायला लावली. आजीचं जाकीट त्यांनी स्वतः बांधलं. भावोजी म्हणाले, ‘मला पोहता येतं हो.’ काका म्हणाले, ‘माका पण येता,’ आणि स्वतःचं जाकीट घातलं. भावोजींनी मुकाट्यानं हात पुढे केला.

नदीच्या मुखाशी होडी जरा डचमळली. नदीचं पाणी बाहेर येत होतं आणि समुद्राच्या लाटा आत येऊ पाहत होत्या. ती रेघ ओलांडली आणि आम्ही मोकळ्या समुद्रात आलो. डावीकडे भोगव्याची लांबलचक वाळू, पुढे निवतीचे काळे-तांबूस खडक. सूर्य वर आला तसे त्या खडकांचे माथे सोन्यासारखे चमकायला लागले.

‘तो बघा!’ महाशय ओरडले. दूरवर पाण्यातून काहीतरी करडं वर आलं होतं आणि लगेच नाहीसं झालं होतं. त्याच क्षणी आणखी दोन होड्यांनी ते पाहिलं. दोन्ही होड्या जोरात तिकडे सुटल्या. एक या बाजूनं, एक त्या बाजूनं. होडीतली माणसं उभी राहून टाळ्या वाजवत होती, शिट्ट्या मारत होती. करडा ठिपका आणखी लांब दिसला. होड्या तिकडे वळल्या. ठिपका त्याहून लांब गेला.

‘काका, चला ना, चला ना! ते लोक आपल्याआधी पोचतील!’ महाशयांचा जीव वरखाली होत होता.

आणि काकांनी काय करावं? त्यांनी इंजिन बंदच केलं.

‘आता कोणीच बोलूचा नाय,’ ते म्हणाले. ‘गप रवा. तो आपणच येतलो.’

महाशयांचं तोंड एवढंसं झालं. दोन्ही होड्या लांब निघून गेल्या. त्यांचा आवाजही विरला. मग नुसती शांतता. होडीच्या कडेला पाणी चुबुक चुबुक वाजत होतं. पाच मिनिटं गेली. दहा गेली. धाकटी माझ्या कानाशी पुटपुटली, ‘झोपला असेल का तो?’ मी तिला बोटानंच गप्प केलं. पंधरा मिनिटं झाली असतील.

‘फुस्स्स!’

अगदी आमच्या पाठीमागे! कुणीतरी मोठ्यानं सुस्कारा सोडावा तसा आवाज. सगळ्यांच्या माना गर्रकन वळल्या. पाण्यातून आधी एक लांबट चोच वर आली, मग गोल कपाळ, मग ती उंचवट्याची पाठ. सावकाश, एखादं मोठं चाक फिरावं तशी पाठ फिरली आणि पाण्यात गेली. पाठोपाठ दुसरी. आणि त्या दुसरीच्या कुशीला चिकटून एक छोटी पाठ! आईबरोबरच वर आली, आईबरोबरच खाली गेली.

‘पिल्लू!’ धाकटीनं दोन्ही हातांनी स्वतःचंच तोंड दाबून धरलं.

चार तरी गादे असावेत. होडीपासून थोड्या अंतरावर ते वर येत होते, श्वास घेत होते, पुन्हा बुडत होते. एकानंही उडी मारली नाही. पण त्यांचा श्वास आम्हाला ऐकू येत होता! आजीनं नकळत हात जोडले होते. आणि महाशय? त्यांचा मोबाइल मांडीवर तसाच पडला होता. फोटो काढायचं त्यांना सुचलंच नाही.

गादे दक्षिणेकडे निघून गेले तेव्हा कुठे काकांनी बोलायची परवानगी दिली. मग प्रश्नांची जी सरबत्ती सुरू झाली! त्यातले काही प्रश्न तुमच्याही मनात आले असतील, म्हणून त्यांची उत्तरं इथेच देऊन टाकते.

गादा मासा आहे का? मुळीच नाही. तो तुमच्या-आमच्यासारखा सस्तन प्राणी. रक्त उष्ण, श्वास फुप्फुसानं, आणि पिल्लाला दूध पाजणारा. त्याचं नाक डोक्याच्या वर असतं. आपण ऐकला तो ‘फुस्स’ त्या नाकाचा. मासा आणि डॉल्फिन ओळखायची एक सोपी खूण सांगू? माशाची शेपटी उभी असते आणि डावी-उजवीकडे हलते. डॉल्फिनची आडवी असते आणि वर-खाली हलते.

मग त्याला झोप कशी लागते? श्वास घ्यायला तर सारखं वर यावं लागतं! यावर निसर्गानं मोठी छान युक्ती काढली आहे. डॉल्फिनचा अर्धा मेंदू झोपतो तेव्हा उरलेला अर्धा जागा असतो. मग पाळी बदलते. परीक्षेच्या दिवसांत तुमचंही असंच होतं म्हणा!

होड्या मागे लागल्या की तो लांब का जातो? हा प्रश्न महाशयांचा, आणि सगळ्यांत महत्त्वाचा. डॉल्फिन डोळ्यांपेक्षा कानांनी जास्त ‘पाहतो’. तो ‘टिक् टिक्’ असे अतिशय बारीक आवाज पाण्यात सोडतो. ते आवाज माशावर, खडकावर, जाळ्यावर आपटून परत येतात. आपल्या खालच्या जबड्यातून तो हे प्रतिध्वनी टिपतो आणि पुढे काय आहे, किती लांब आहे, केवढं आहे, हे ओळखतो. नदीच्या मुखाजवळच्या गढूळ पाण्यात डोळ्यांचा उपयोग तो किती होणार? सगळी भिस्त कानांवर. आता विचार करा. हवेत आवाज सेकंदाला साधारण ३४० मीटर जातो, पण पाण्यात जवळजवळ १५०० मीटर! चौपटीहून जास्त. दोन-तीन होड्यांची इंजिनं चहूबाजूंनी घरघरायला लागली की त्या गाद्याला काय होत असेल? तुम्ही काळोखात चाचपडत चालला आहात आणि कुणीतरी तुमच्या कानाशी ढोल बडवतंय, तसंच ना? त्यात आईजवळ पिल्लू असलं तर? पिल्लाला दूध प्यायचं असतं, वरचेवर श्वास घ्यायचा असतो. पळापळीत ते थकून जातं.

आमचा गादा म्हणजे हिंदी महासागरातला कुबड असलेला डॉल्फिन. पूर्वी त्याला चीनच्या किनाऱ्याकडच्या त्याच्या भाईबंदांबरोबर बरेचदा एकाच जातीत मोजत. २०१४ मध्ये शास्त्रज्ञांनी तो स्वतंत्र जातीचा असल्याचं नक्की केलं. त्याला उथळ पाणी लागतं, म्हणून तो किनाऱ्याजवळ राहतो. आणि किनाऱ्याजवळच तर माणसांची सगळी धामधूम! बंदरं तिथेच, जाळी तिथेच, सांडपाणी तिथेच. त्यामुळे जगातल्या धोक्यात आलेल्या प्राण्यांच्या यादीत आज त्याचं नाव आहे. आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं त्याला वाघाच्या पंक्तीला बसवलं आहे. टीव्हीवर दिसतात तशा डॉल्फिनच्या कसरतींच्या तलावांनाही भारतात २०१३ पासून बंदी आहे. तेव्हा आपल्याला डॉल्फिन भेटणार तो त्याच्या घरीच, मोकळ्या समुद्रात.

महाशयांनी काकांना एक अवघड प्रश्न विचारला. ‘काका, तुम्ही पूर्वी मासेमारी करायचा ना? मग गादा तुमचे मासे खात नाही?’

‘खाता तर!’ काका म्हणाले. बांगडे, तारल्या हेच गाद्याचंही जेवण. कधीकधी तो जाळ्यातलेच मासे ओढतो आणि जाळं फाडून ठेवतो. मग दिवसचे दिवस जाळं शिवत बसावं लागतं. काकांच्या वडिलांनी गाद्याला पुष्कळ शिव्या दिल्या होत्या म्हणे. ‘पण आता आमचो धंदो तेंच्यार चलता. तेंका हुसकून लावलंव तर उद्या तुमका दाखवू काय? नुसता पाणी?’

मग ते दुसऱ्या होड्यांकडे बघत जरा थांबले. त्यांचंही खोटं नव्हतं, असं ते म्हणाले. गिऱ्हाईक पैसे देतं, ‘जवळ न्या, जवळ न्या’ म्हणून मागे लागतं. एखाद्यानं नाही नेलं तर पुढच्या वेळी दुसऱ्याच्या होडीत बसतं. म्हणजे बघा, होडी चालवणारा तांडेल असला, तरी ती कुठे आणि कशी जाणार हे बरंचसं होडीत बसणाऱ्यांवर ठरतं. हे ऐकून महाशय एकदम विचारात पडले.

आता बेटांकडे वळू या. निवतीच्या बाजूनं काकांनी आम्हाला दूर क्षितिजावर बोट दाखवलं. समुद्राच्या मध्येच काही खडक आणि त्यातल्या एकावर दीपगृह. ती वेंगुर्ल्याची खडकबेटं. इंग्रजांच्या नकाशांत त्यांना ‘बर्न्ट आयलंड्स’, म्हणजे जळकी बेटं, म्हटलं आहे. आम्ही तिथे गेलो नाही, लांबूनच नमस्कार केला. तिथले खरे मालक आहेत पक्षी! त्या बेटांवरच्या काळोख्या गुहांमध्ये पाकोळ्या घरटी करतात. घरटं कशाचं? गवताचं नाही, काड्यांचं नाही, मुख्यतः स्वतःच्या लाळेचं! ती लाळ वाळून कडक होते आणि खडकाला चिकटून बसते. काही देशांत या घरट्यांचं सूप फार महाग विकलं जातं, म्हणून चोर ही घरटी खरवडून न्यायचे. आत अंडी असोत, पिल्लं असोत. पक्षिप्रेमींनी त्या चोरीविरुद्ध बरेच कष्ट घेतले.

आणि या पाकोळ्यांची आणखी एक कमाल ऐका. गुहेतल्या मिट्ट काळोखात त्या भिंतीवर आपटत कशा नाहीत? त्याही ‘टक् टक्’ असा आवाज करतात आणि प्रतिध्वनी ऐकून वाट काढतात. खाली पाण्यात गादा आणि वर गुहेत पाकोळी. एकमेकांना कधी भेटलेही नसतील, पण शाळा मात्र एकच!

साडेदहा वाजत आले होते. आजीचं गणित आठवतंय ना? ओहोटीची वेळ. आम्ही पुन्हा नदीच्या मुखातून आत आलो आणि बघतो तर काय, सकाळी जिथे नुसतं पाणी होतं तिथे वाळूचं बेट! सगळे त्याला ‘त्सुनामी आयलंड’ म्हणतात. २६ डिसेंबर २००४ च्या त्सुनामीनंतर ही वाळू वर आली असं इथले लोक सांगतात. भरती आली की तिचा बराचसा भाग पुन्हा पाण्याखाली जातो.

धाकटी होडीतून उडी मारून उतरली. पाणी तिच्या घोट्याएवढं. वाळूवर लाटांच्या नक्षीच्या रेघा, आणि लहान लहान खेकड्यांनी काढलेल्या वाळूच्या गोळ्यांची रांगोळी. ‘हे बेट कुणाचं?’ तिनं विचारलं.

भावोजी म्हणाले, ‘निम्मं नदीचं, निम्मं समुद्राचं.’

खरंच आहे ते. नदी डोंगराकडून वाळू आणते. समुद्र ती मागे ढकलतो. दोघांच्या ढकलाढकलीत वाळू मध्येच साचते आणि असं बेट तयार होतं. एखाद्या पावसाळ्यात नदीला जोर आला की त्याचा आकार बदलतो. म्हणजे तुम्ही पुढच्या वर्षी जाल तेव्हा आम्ही पाहिलेलं बेट तुम्हाला तसंच दिसेल असं नाही. धाकटीनं तिथे मोठा किल्ला बांधला, खंदक खणला, बुरूज केले. निघायची वेळ झाली तेव्हा पाणी चढायला लागलं होतं. बेटाची कड बघता बघता आत सरकली. काकांनी दोनदा हाक मारली. इथे ‘आणखी पाचच मिनिटं’ चालत नाही! भरती कुणासाठी थांबत नसते. आम्ही होडीत बसलो तेव्हा धाकटीच्या खंदकात समुद्र शिरला होता.

‘माझा किल्ला चालला!’ ती रडवेली झाली.

‘अगं, उद्या न वाहून जाणारा किल्ला दाखवते तुला,’ आजी म्हणाली.

तो किल्ला कुठला, ओळखलंत ना? सिंधुदुर्ग! मालवणच्या धक्क्यावरून होडीनं दहा-पंधरा मिनिटांत आपण तिथे पोचतो. किल्ला ज्या बेटावर उभा आहे त्याचं नाव कुरटे. होडी सरळ रेषेत जात नाही, नागमोडी जाते. का? कारण पाण्याखाली जागोजागी खडक दडलेले आहेत. ते कुठे आहेत हे इथल्या कोळ्यांना ठाऊक, शत्रूच्या जहाजांना नाही. शिवाजी महाराजांनी हेच तर हेरलं! जे खडक परक्याला बुडवतील, तेच आपल्या किल्ल्याचे पहारेकरी. मालवणच्या किनाऱ्यावर ‘मोरयाचा धोंडा’ नावाचा खडक आहे. तिथे पूजा करून २५ नोव्हेंबर १६६४ ला कामाला सुरुवात झाली आणि सुमारे तीन वर्षांत किल्ला उभा राहिला. बांधकामावर हिरोजी इंदुलकर होते. पायाचे दगड लाटांनी हलू नयेत म्हणून शिसं ओतून ते पक्के केले. तट तीस फूट उंच आणि बारा फूट रुंद. गेली साडेतीनशेहून अधिक वर्षं समुद्र त्यावर रोज दोनदा भरतीनं आपटतो आहे!

होडी तटाच्या अगदी जवळ गेली तरी दरवाजा दिसेना. महाशयांनी डोळे ताणून पाहिलं. आणि एकदम दोन बुरुजांच्या आडचं वळण आलं, दरवाजा समोर! आत महाराजांचं मंदिर आहे, श्रीशिवराजेश्वर. ते राजाराम महाराजांनी बांधलं. तटावर महाराजांच्या हाताचा आणि पायाचा ठसा चुन्यात उमटलेला आहे, तोही आम्ही पाहिला. सहल म्हणून आलेल्या मुलांचा गोंगाट त्या ठशांपाशी आपोआप कमी होत होता. २०२५ मध्ये युनेस्कोनं मराठ्यांचे बारा किल्ले जागतिक वारसा यादीत घेतले, त्यात हा सिंधुदुर्ग आहे.

पण मला सगळ्यांत नवल वाटलं ते विहिरींचं. दूधबाव, साखरबाव आणि दहीबाव! चहूकडे खारट समुद्र आणि मध्ये गोड्या पाण्याच्या तीन विहिरी. हे कसं काय? पावसाचं पाणी खडकांच्या भेगांत मुरतं. गोडं पाणी खाऱ्या पाण्यापेक्षा हलकं असतं, म्हणून ते चटकन खाऱ्यात मिसळत नाही, त्याच्या वर राहतं. पण ते असतं मोजकं. वाटेल तसं उपसलं तर खालून खारं पाणी वर यायला वेळ लागत नाही. किल्ल्यावर आजही काही कुटुंबं राहतात. बेटावर राहायचं म्हणजे पाणी जपूनच वापरायला हवं, हे त्यांना कुणी शिकवावं लागत नाही.

किल्ल्याभोवतालचा समुद्रही राखीव आहे, हे तुम्हाला माहीत होतं? १९८७ मध्ये या भागाला सागरी अभयारण्य जाहीर केलं. सिंधुदुर्ग, शेजारचा पद्मगड आणि आजूबाजूचे खडक त्यात येतात. पाण्याखाली प्रवाळं आहेत. प्रवाळ दिसतं दगडासारखं किंवा झुडपासारखं, पण ते असतं असंख्य चिमुकल्या जीवांचं घर. त्यावर पाय दिला, नांगर टाकला की ते मोडतं, आणि पुन्हा वाढायला वर्षानुवर्षं लागतात. पाण्यात उतरून मासे आणि प्रवाळं पाहायची सोय मालवणला आहे. भावोजी आणि महाशय उतरले. उतरताना महाशय स्वतःच बजावत होते, ‘बाबा, पाय टेकायचा नाही हं!’

रात्री जेवायला उकड्या तांदळाचा भात, बांगड्याचं तिखलं आणि सोलकढी. आजीसाठी घावणे. जेवता जेवता महाशय म्हणाले, ‘मावशी, आपण हे मासे खातो आणि गादाही हेच खातो. म्हणजे आपण एकाच पंगतीला!’ मला ते फार आवडलं. आपण कुणाच्या घरी पाहुणे गेलो तर काय करतो? घरच्यांच्या वेळेनं उठतो, त्यांच्या वेळेनं जेवतो, त्यांचं बाळ झोपलं असेल तर हळू बोलतो. समुद्रावर तसंच वागायचं. भरतीची वेळ तिची, गाद्याची वेळ त्याची, पाकोळीची गुहा तिची. आपण पाहुणे.

तुम्हाला जायचं असेल तर काही गोष्टी सांगून ठेवते. ऑक्टोबर ते मे हा काळ चांगला. त्यातही दिवाळी ते मार्च समुद्र शांत असतो. पावसाळ्यात होड्या बंद असतात आणि ते योग्यच आहे. होडीत चढण्यापूर्वी जीवरक्षक जाकीट घ्या आणि त्याचे सगळे पट्टे आवळा. होडीत ठरल्यापेक्षा जास्त माणसं भरली असतील तर दुसरी होडी घ्या, मग कितीही उशीर होवो. टोपी, पाण्याची बाटली, आणि असली तर दुर्बीण बरोबर असू द्या. डॉल्फिनला खायला काहीही टाकू नका. (धाकटीचा चिवडा शेवटी महाशयांनीच फस्त केला!) प्लॅस्टिकची पिशवी पाण्यात पडू देऊ नका. समुद्रातले प्राणी ती खाणं समजून गिळतात आणि त्यानं मरतात.

आणि एक प्रयोग. पोहायला जाल तेव्हा, मोठं माणूस सोबत असतानाच, मित्राला पाण्याखाली दोन दगड एकमेकांवर आपटायला सांगा. तुम्ही थोड्या अंतरावर डोकं पाण्यात घाला. आधी वर ऐका, मग पाण्यात ऐका. इंजिनाचा आवाज गाद्याला कसा वाटत असेल याची थोडी कल्पना तुम्हाला येईल. काय ऐकू आलं ते आम्हाला जरूर लिहून कळवा.

गादा दिसेलच अशी खात्री कुणीच देऊ शकत नाही. पण दिसण्याची शक्यता वाढवायचा एक उपाय आम्हाला सापडला आहे, आणि त्याला एक पैसाही लागत नाही. होडीत बसलात की तांडेलाला एवढंच सांगा, ‘काका, आम्हाला घाई नाही.’